फिनलंडकाकांचा एकोणिसावा सेकंद

फिनलंडकाका आता मिरजेला असतात. मी फोन केला की कशी आहेस, काय चाललंय हे सगळं नंतर. आधी विचारतात, "आज तिकडे किती?" म्हणजे तापमान. मी बेचाळीस म्हटलं की ते मिरजेचं सांगतात, आणि मग थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प राहतो. पंधरा-वीस सेकंद. आईला वाटतं रेंज गेली. ती स्वयंपाकघरातून ओरडते, "अगं, कट करून परत लाव!" मी कट करत नाही. का करत नाही ते आज सांगून टाकते, कारण अजून दोन-चार वर्षं गेली तर माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही अशी भीती वाटते.

फिनलंडकाका हे नाव आमच्या कंट्रोल रूमने ठेवलेलं. तोंडावर सगळे नुसतं काका म्हणायचे, मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, सगळे. एक फिलिपिनो बाई तर "काका सर" म्हणायची. काका बुटके होते, पन्नाशी ओलांडलेले, आणि शारजात रोल्लाला आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचे. बायको आणि मुलगी मिरजेला. फिनलंडला ते आयुष्यात कधी गेले नव्हते. दुबईच्या मॉलमध्ये बर्फाचा डोंगर केलेला आहे, तिथे सगळी दुबई जाऊन आली, काका गेले नाहीत. म्हणायचे, "तो बर्फ आहे. हिवाळा नाही."

आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. दुबईतल्या एका बिनखिडक्यांच्या मजल्यावर आमची कंपनी होती. कुठल्या कुठल्या देशांची टीव्ही चॅनलं तिथून चालायची. त्यातलं एक फिनलंडचं, पैसे भरून बघायचं खेळांचं चॅनल. सामना तिकडे व्हायचा, समालोचनही तिकडेच, पण ते सगळं आमच्याकडे यायचं. आम्ही त्यात जाहिराती, पाट्या, लोगो घालून परत फिनलंडला पाठवायचो. तिकडच्या माणसाने आपल्या गावातला सामना घरी बसून पाहिला, तर तो आधी आमच्या वाळवंटातून जाऊन आलेला असायचा. हे त्याच्या स्वप्नातही येत नसेल. आणि त्या चॅनलसमोर पहिल्या दिवसापासून काका बसलेले होते.

मी अल नहदाची. जन्म शारजातला, बाबा जबल अलीच्या एका गोदामात मॅनेजर. घरात मराठीत विचारायचं आणि इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, अशी आमची पद्धत. पहिल्या दिवशी काकांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"I'm from Sharjah, काका."

"शारजा हा पत्ता झाला. गाव कुठलं?"

मला खरंच माहीत नव्हतं. रात्री बाबांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसायला जागा दिली. त्याआधी मी आपली उभीच होते.

त्यांच्या सवयी विचारूच नका. कंट्रोल रूममध्ये एसी असा की बोटं वळत नाहीत, म्हणून सगळेच जॅकेट घालायचे. काका मात्र कानटोपी, मफलर, सगळा सरंजाम. रोल्लामध्ये त्यांनी भर मे महिन्यात लोकरीचा स्वेटर मागितला होता. दुकानदार म्हणाला, "चाचा, तबीयत ठीक है?" काका म्हणाले, "हमारे यहाँ अभी बर्फ पिघल रहा है." हे ते अगदी गंभीरपणे बोलायचे. गंमत चालली आहे की काय, ते कधीच कळायचं नाही.

शिफ्टवर आले की पहिलं काम म्हणजे एक जाड पुठ्ठ्याची वही उघडायची. कंपनीची नोंद कॉम्प्युटरवर व्हायची. ही वही त्यांची स्वतःची. तारीख, इथलं तापमान, तिथलं तापमान, आणि शांतता किती सेकंद. त्यापुढे आणखी एक रकाना होता, त्याला नाव नव्हतं. त्यात नुसते आकडे. कुठे "सतरा, अठरा", कुठे "एकोणतीस". बरीच पानं तो रकाना कोराच असायचा. मी एकदा विचारलं, हे काय? त्यांनी वही मिटली आणि डब्यातली चटणी माझ्या पोळीवर वाढली.

शांतता किती सेकंद, हे आमच्या धंद्यातलं. चॅनलचा आवाज गेला की यंत्र दहा सेकंद वाट बघतं, मग लाल दिवा आणि गजर. विसाव्या सेकंदाच्या आत माणसाने एक बटण दाबायचं. बटण दाबलं की पडद्यावर उन्हाळ्यातल्या एका तलावाचं चित्र येतं, खाली फिनिशमध्ये दिलगिरी, आणि अकॉर्डियनची एक आनंदी धून सुरू होते. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, बिघाड आहे, दुरुस्त होईल. चपळ ऑपरेटर अकराव्या-बाराव्या सेकंदाला दाबतो. काका एकोणिसाव्याला दाबायचे. नेहमी. गजर कोकलत असायचा, सुपरवायझर काचेपलीकडून हातवारे करत असायचा, आणि काका हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून डोळे मिटून बसलेले. नियमात बसत असूनही त्यांना यावरून दोनदा लेखी ताकीद मिळाली होती. आम्हा नवीन लोकांना ते एकच गोष्ट शिकवायचे: "आधी ऐक, मग दाब."

आम्ही त्याची टिंगल करायचो. लिफ्टचं बटण दाबायच्या आधी कोणीतरी म्हणायचं, "आधी ऐक."

त्या चॅनलचा इतिहास काकांना मुखोद्गत होता. तो ते मराठेशाहीसारखा सांगायचे. पहिलं राज्य, दुसरं राज्य, तिसरं राज्य. पहिल्या राज्यात फक्त आइस हॉकी. निळा लोगो. हिवाळा संपला की दाखवायला काही नाही, म्हणून मालकांनी उन्हाळाभर तो तलाव दाखवला, तीन महिने, नुसता तलाव आणि अकॉर्डियन. "लोकांनी पैसे भरून तलाव बघितला," काका म्हणायचे, "आणि तक्रार केली नाही. काय माणसं असतील!" दुसऱ्या राज्यात मालक बदलला, नाव बदललं, लोगो लाल झाला. घोडागाड्यांच्या शर्यती आल्या, स्कीवरून उड्या मारणारे आले, आणि त्यांचा स्वतःचा एक बॅटबॉलचा खेळ आला, ज्यात चेंडू टाकणारा फलंदाजाशेजारी उभा राहून चेंडू सरळ आभाळात उडवतो. एका चॅनलची चार चॅनलं झाली. तिसऱ्या राज्यात आणखी मोठा मालक आला, सामने एकेक करून इंटरनेटवर गेले, आणि चाराचं परत एक झालं. मी आले ती या तिसऱ्या राज्याच्या अखेरीस. दिवसभर जुने सामने चालायचे. काका तेही लक्ष देऊन बघायचे.

फिनिश त्यांना येत नव्हतं, पण कान तयार झाला होता. समालोचकाचा सूर ऐकून ते आधीच सांगायचे, आता गोल होणार, आता मारामारी होणार. एकदा म्हणाले, "हा मनुष्य आज घरी भांडून आलाय." तिकडून लाइनवर बोलणाऱ्या एक बाई होत्या, समन्वयाचं काम करायच्या. काकांनी त्यांना विचारलं, तर खरंच त्याचा घटस्फोट चालला होता. बाई इतक्या दचकल्या की दोन दिवस तुटक बोलल्या.

माझी चूक झाली ती कामाला लागून तिसऱ्या आठवड्यात. हॉकीचा थेट सामना होता. काका चहा आणायला गेले होते. अचानक आवाज गेला. दहा सेकंद झाले, लाल दिवा लागला, गजर झाला. मी घाबरले, पण शिकवलेलं सगळं आठवलं आणि बाराव्या सेकंदाला बटण दाबलं. तलाव आला, अकॉर्डियन सुरू झालं. मला वाटलं, शाब्बास.

मग मी आत येणाऱ्या चित्राकडे पाहिलं. बर्फावर दोन्ही संघ ओळीने उभे होते, हेल्मेट काढलेली, माना खाली. हजारो माणसं उभी होती. त्यांचा एक जुना खेळाडू वारला होता आणि त्याच्यासाठी अख्खं स्टेडियम एक मिनिट शांत उभं होतं. आणि मी सगळ्या देशाला घरोघरी नाचाची धून ऐकवत होते.

त्या दिवशी इतक्या तक्रारी आल्या की सुपरवायझरने खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठच केली. काका कप हातात घेऊन आले, काय झालं ते एका नजरेत त्यांना कळलं, आणि त्यांनी कॉम्प्युटरवरच्या नोंदीत स्वतःचं नाव टाकलं. मी म्हटलं, "काका, it was me."

"माहीत आहे."

"तुमचं increment जाईल."

"जाऊ दे. खलास." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "तुझ्या हातून मेलेल्या माणसाची शांतता गेली. माझ्या हातून जिवंत माणसाची गेली होती."

पुढचं त्यांनी सांगितलं ते आणखी काही दिवसांनी. दोघंही बसची वाट बघत उभे होतो. हिवाळ्यातलं धुकं होतं. शारजाकडच्या इमारती अर्ध्याच दिसत होत्या, वरचे मजले कोणी पुसून टाकल्यासारखे.

चॅनलच्या पहिल्या दिवसापासून एक समालोचक होता. वयस्कर, जाड आवाजाचा. तो स्टेडियममध्ये जायचा नाही. तिकडच्या एका लहान गावातल्या स्टुडिओत, एका बंद बूथमध्ये एकटा बसून पडद्यावर सामना बघायचा आणि बोलायचा. सामन्याआधी लाइन तपासायला म्हणून तो इकडे हाक मारायचा, "दुबै, दुबै, गुड ईव्हनिंग! हाउ मेनी डिग्रीज?" काका सांगायचे, चाळीस. तो खदाखदा हसायचा आणि आपलं सांगायचा, उणे एकवीस. एवढीच ओळख. सात वर्षं, रोज एवढीच. "तेवढ्यात सगळं येतं," काका म्हणाले. "तुम्ही लोक तासन् तास बोलता, त्यात काय येतं?"

दुसऱ्या राज्यातल्या एका नाताळात, सुट्टीचे दिवस, तिकडे माणसं कमी, स्टेडियमचा आवाज कोणी जोडलेलाच नाही, सामना चालू असताना त्या समालोचकाचा आवाज थांबला. काका तेव्हा चपळ होते. अकराव्या सेकंदाला त्यांनी बटण दाबलं.

"तलाव लागला. तिकडच्या लोकांना वाटलं बिघाड दुबईत. आम्हाला वाटलं बिघाड तिकडे. ते आम्हाला फोन करतायत, आम्ही त्यांना. केबल बघा, सर्व्हर बघा. वीस मिनिटं, बाळ. वीस मिनिटं सगळं जग केबल बघत होतं आणि त्या बूथचं दार कोणी उघडलं नाही."

दार उघडलं तेव्हा तो खुर्चीखाली पडलेला होता.

"श्वास इतका हलका असतो की यंत्राला ती शांतताच वाटते," काका म्हणाले. "पण हेडफोन लावून माणसाने ऐकलं असतं, तर ऐकू आलं असतं. मी ऐकलंच नाही. वर धून लावली. आणि आमच्याकडे रेकॉर्ड होतं ते जे प्रसारित झालं तेच. म्हणजे धूनच. खाली काय होतं, तो लगेच गेला की होता थोडा वेळ, मला कळायला काही मार्गच नाही. डॉक्टर काय सांगतील? त्यांना गेलेल्याचं कळतं. मला मधलं हवंय."

बस आली. आम्ही चढलो नाही.

"आणि मग पुढच्या वर्षी एकदा लाइन तुटली. मी आता दाबायची घाई करत नव्हतो. ऐकत होतो. तर आला."

"काय आला?"

"श्वास. एक. मग आणखी एक. त्याचाच. सात वर्षं ऐकलेला माणूस, ओळखणार नाही होय? तो बोलायच्या आधी नाकाने असा ओढायचा." काकांनी ओढून दाखवला. धुक्यात, त्या रिकाम्या थांब्यावर, तो श्वास काकांचा वाटला नाही.

वहीतला बिननावाचा रकाना तो होता. प्रत्येक शांततेत एखादा, दोन, कधी एकही नाही. काका पुढे पुढे आकडे घालत गेले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: त्या दिवशी मी त्याचं जेवढं झाकलं, तेवढं तो मला ऐकवतो आहे. हप्त्याहप्त्याने. मी एकोणीस सेकंद थांबतो, त्यात जेवढं मावेल तेवढं.

मी हुशार मुलगी. मी घरी येऊन इंटरनेटवर वाचलं, अपराधीपणा, भास, एसीचा आवाज, सगळं. दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, "काका, maybe it's the air conditioning."

"असेल," ते म्हणाले. पुढच्या शांततेला त्यांनी स्वतःचा हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. मी श्वास रोखून ऐकलं. काही नव्हतं. कुठेतरी लांब रिकाम्या खोलीत असतो तसा पोकळपणा होता, बस. काकांनी हेडफोन परत घेतला आणि वहीत लिहिलं, "अठ्ठावन्न." मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. एवढा शहाणा माणूस, आणि मिरजेला मुलगी मोठी होते आहे तर इथे बसून मेलेल्याचे श्वास मोजतोय. त्यांनी दोनदा परत जायचं तिकीट रद्द केलं होतं. काकू फोनवर रडायच्या. एकदा मी फोन उचलला तर मलाच म्हणाल्या, "तुझ्या काकांना तिथे कोणी आहे का गं?" मी म्हटलं, नाही हो, तसं काही नाही. पण काय सांगणार होते, की आहे?

मग चॅनल बंद होणार असल्याचं पत्र आलं. तिसरं राज्य संपलं. एका रविवारी संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम, त्यात चॅनलचा सगळा इतिहास दाखवणार, त्यानंतर एक मिनिट काळा पडदा, आणि मग प्रसारण कायमचं तोडायचं. आम्हाला दुसऱ्या चॅनलवर टाकलं होतं. काकांनी राजीनामा दिला होता, पण परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. मी विचारलं, कधीचं काढताय? म्हणाले, "अजून चालू आहे ना तो. मध्येच कसा उठू?" वहीत आकडा एकसष्टवर होता. चॅनल गेलं की लाइन जाणार, लाइन गेली की शांतता जाणार. पुढचे श्वास कुठून येणार, ही त्यांची चिंता होती. हा माणूस असाच अडकून राहणार, मिरजेला गेला तरी इथेच राहणार, हे मला तेव्हा स्वच्छ दिसलं.

त्या रविवारी दुपारी तिकडच्या बाईंनी एक फाइल पाठवली. जुना सर्व्हर साफ करताना सापडली होती. त्या गावातल्या बूथमध्ये माइकचा आवाज वेगळा नोंदला जायचा, हे तिथल्याही कोणाला आठवत नव्हतं. बाईंनी लिहिलं होतं, तुम्ही मला फार वर्षांपूर्वी हे मागितलं होतं, मी ऐकलेलं नाही, क्षमा करा. तो बूथ त्या नाताळानंतर कायमचा बंद केला होता. तिथे आता कॉफीचं मशीन आहे, असंही त्यांनी लिहिलं होतं.

काकांनी ते वाचलं आणि कानटोपी काढली. त्यांना मी पहिल्यांदा तिथे कानटोपीशिवाय बघत होते. म्हातारे दिसले.

"तू ऐक," ते म्हणाले. "माझ्याच्याने नाही होणार. मोजून मला फक्त आकडा सांग."

मी शेजारच्या एडिटिंगच्या खोलीत गेले, दार लावलं, हेडफोन घातला. आधी जाड आवाज, भरभर, उत्साहात. एक वाक्य अर्ध्यात थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज. काहीतरी जड पडलं. मग काही सेकंद काही नाही. आणि मग अगदी बारीक, लांबून, अकॉर्डियन.

मला कळायला वेळ लागला. त्याच्या गळ्यात, का जमिनीवर, कुठेतरी त्याचा हेडफोन पडलेला होता आणि त्यातून काकांनी लावलेली धून त्याला ऐकू जात होती. त्या धुनीखाली श्वास होता. नाकाने ओढलेला. काकांनी बसथांब्यावर करून दाखवला होता तसाच, हुबेहूब. मी रडत रडत मोजले. मधली अंतरं वाढत गेली. धून संपून परत पहिल्यापासून सुरू झाली, संपली, परत सुरू झाली. शेवटी नुसती धून राहिली. पुढे कितीतरी वेळ ती एकटीच वाजत होती.

त्रेसष्ट.

मी दोनदा ऐकलं. त्रेसष्टच.

बाहेर आले तर काकांसमोर वही उघडी होती. शेवटची ओळ, एकसष्ट. नऊ वर्षं काकांनी हवेतून मोजलेला आकडा, आणि माझ्या कानातला आकडा, यांच्यात फक्त दोनाचा फरक होता. डोकं एकच सांगत होतं, की याला आता सोडवायचं. दोन राहिलेत म्हटलं तर हा माणूस त्या दोनांसाठी उरलेलं आयुष्य कान लावून बसेल.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकसष्ट, काका."

त्यांनी वहीतल्या शेवटच्या आकड्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "म्हणजे चार-पाच मिनिटं. दार उघडायला पुरली असती."

मी टेबलावरची त्यांची कानटोपी उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

"बरं झालं कळलं," काका म्हणाले. रुमालाने डोळे पुसले आणि वहीत एकसष्टच्या खाली रेघ मारली. "तिकीट बघून ठेव गं फोनवर. कोल्हापूरचं मिळालं तर कोल्हापूरचं."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या तिथे तिकिटं बघायला लागले.

संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम झाला. निळा लोगो दिसला, लाल दिसला. जुने गोल, जुने हसणारे चेहरे. त्या जाड आवाजाच्या समालोचकाचा फोटोही क्षणभर येऊन गेला. काकांनी त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "असा होता होय," एवढंच म्हणाले. मग पडदा काळा झाला. आवाज थांबला. दहा सेकंद झाले आणि सवयीप्रमाणे लाल दिवा, गजर. मी गजर बंद केला. आम्ही दोघंही हेडफोन लावून बसलो होतो. त्या दिवशी बटण दाबायचंच नव्हतं. एकोणिसावा सेकंद आला आणि गेला. काकांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यापुढे वेळ होता.

चाळीस सेकंदांच्या आसपास तो आला.

नाकाने ओढलेला. माझ्या दोन्ही कानांत. त्या पोकळपणाच्या आत, अगदी जवळ, माइकपाशी तोंड असावं तसा. मी काकांकडे पाहिलं. काका माझ्याकडेच बघत होते. रागाने नाही. लहान मूल डब्यातला लाडू उचलताना आईला दिसावं, तेव्हा आई बघते तसं. मी खोटं बोलले होते आणि ते आता तिघांनाही माहीत होतं.

मिनिट संपलं. बाहेर जाणारी लाइन तुटली, तिचा हिरवा दिवा विझला. फिनलंडमध्ये आता काहीच दिसत नव्हतं. आत येणारी लाइन तिकडून कधीच बंद केली होती, तिचा दिवाही विझलेला होता. पण आमच्या कानात तो पोकळपणा होता तसाच होता. आम्ही हललो नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग आणखी एक आला. फार हळू. ओढला, आणि सोडल्याचं ऐकूच आलं नाही.

काकांनी दोन बोटं वर केली आणि भुवया उंचावल्या. अजून?

मी मान हलवली. "नाही काका. त्रेसष्टच."

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि मफलर नीट केला. मग ते उठून उभे राहिले. हात सरळ, मान खाली, त्या बर्फावरच्या खेळाडूंसारखे.

"आता लाव," म्हणाले.

मी बटण दाबलं. आमच्या एका पडद्यावर उन्हाळ्यातला तो तलाव आला आणि अकॉर्डियन वाजायला लागलं. ती धून पूर्ण होईपर्यंत काका उभे होते, आणि मीही.